पुंजारामचा पंग

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पुंजारामचा आवाज आधी पोचायचा आणि पुंजाराम मागून यायचा. शुक्रवारी बाजार भरला की कुठल्या कोपऱ्यात सौदा अडलाय हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. विकणारा एकीकडं तोंड करून बसलेला, घेणारा दुसरीकडं बघतोय आणि दोघांच्या मधे उभा राहून पुंजाराम दोघांशीही एकाच वेळी बोलतोय, हे गावानं वर्षानुवर्षं बघितलं होतं. तो कधी खोटं बोलला नाही असं कुणी म्हणणार नाही, दलालाला तेवढं जमावंच लागतं. पण त्यानं जुळवलेला सौदा सहसा मोडत नसे. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, "ह्यांना झोपेतबी गप बसता येत न्हाई."

एका सकाळी गोठ्यातून घरात येताना त्याच्या हातातली दुधाची चरवी पडली. उचलायला वाकला तर उजवा हात ऐकेना. मनकर्णाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यातून जे निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मुलगा करण घरातच होता. त्यानं बापाला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि नगर गाठलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू पाय सुधारला, काठी टेकत चालता यायला लागलं. हात अर्धामुर्धा आला. वाचा तेवढी आली नाही.

म्हणजे डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. गाईच्या खुरापासून शिंगापर्यंत प्रत्येक गोष्टीचं नाव त्याला आत ऐकू यायचं. पण शब्द ओठाशी आला की त्याच्या जागी भलताच बाहेर पडायचा. पाणी मागायला जावं तर 'बैल' निघायचं. सगळ्यात वाईट म्हणजे 'व्हय' म्हणायचं असलं की 'न्हाई' निघायचं. मनकर्णा विचारायची, "चहा घेता का?" तो म्हणायचा, "न्हाई." ती कप घेऊन आत चालली की तो काठी आपटायचा. असं चार-सहा वेळा झाल्यावर तिनं त्याच्या तोंडाकडं लक्ष द्यायचं सोडलं आणि त्याच्या डोळ्यांकडं बघायला लागली.

वाचेच्या व्यायामासाठी नगरला एक बाई होत्या. स्वभावानं चांगल्या. त्यांनी चित्रांची कार्डं समोर धरली, सफरचंद, चेंडू, मांजर. शेजारच्या खुर्चीवर एक चार-पाच वर्षांचं पोर तीच चित्रं ओळखत होतं आणि ते पटापट सांगत होतं. पुंजारामला घाम फुटला. त्यानंतर नगरला जायचं म्हटलं की तो तोंड फिरवायचा.

भेटायला येणारे तर जास्तच छळायचे. ते त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू त्याचे कान गेलेत. नाहीतर त्याच्यादेखत मनकर्णाला विचारायचे, "जेवतो का? झोपतो का?" बाजारात त्याच्या बरोबरीनं दलाली करणारा भागवत दर शुक्रवारी बाजार उठला की भेटायला यायचा. एका खिल्लार जोडीवरून दोघांचं वाजलं होतं आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. आता हाच भागवत दारात येऊन उभा राहिलेला पुंजारामला बघवत नसे. त्यानं आपली खाट ओट्यावरून आतल्या खोलीत हलवायला लावली आणि भागवत आला की भिंतीकडं तोंड करून पडायला लागला.

शेजारी फरीदाभाभी राहायच्या. त्यांचे मालक नूरमहंमद भिंगारला लष्करातल्या एका साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते, आणि भाभी तिथंच साहेबांची मुलं सांभाळायच्या. दुपारच्या वेळी साहेबांच्या मॅडम आणि त्यांच्या मैत्रिणी माहजाँग नावाचा एक चिनी खेळ खेळायच्या. त्याला चौघी लागतात. एके दिवशी चौथी बाई आली नाही, तर मॅडमनी फरीदाभाभींना बसवलं. त्या बसल्या त्या बसल्याच. साहेबांची बदली झाली तेव्हा मॅडमनी खेळाची जुनी पेटी त्यांना देऊन टाकली. नूरमहंमद गेल्यावर भाभी मुलाजवळ, परवेझकडं, घोडेगावला आल्या. त्याचं हायवेला वेल्डिंगचं दुकान होतं. पेटी पलंगाखाली गेली ती तिथंच राहिली, कारण गावात हा खेळ कुणाला माहीतच नव्हता.

एका दुपारी भाभी ती पेटी कापडात गुंडाळून पुंजारामच्या घरी आल्या. मनकर्णा पुढं आली, पण भाभी सरळ आत खाटेपाशी गेल्या.

"पुंजाभाऊ, तुमच्याकडं एक काम हुतं."

पुंजारामनं मान वळवली. आजारी पडल्यापासून त्याच्याकडं कुणाचं काम निघालं नव्हतं. जो तो त्याला काहीतरी द्यायला यायचा, अंगारा, फळं, नाहीतर सल्ला.

"मला माणसं पायजेत," भाभी म्हणाल्या. "एक खेळ हाय, चौघं लागतात. किती वर्सं झाली, हात नुसते शिवशिवतात. तुमी दोघं बसला तर चौथा कुणीबी मिळंल. बसाल का?"

"न्हाई," पुंजाराम म्हणाला.

मनकर्णानं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं. "बसत्याल," ती म्हणाली.

चौथा त्याच संध्याकाळी मिळाला. शुक्रवार होता. भागवत अंगणात आला आणि भाभींनी त्याला तिथंच अडवलं. "भागवतभाऊ, खेळता का?"

"जुगार हाय व्हय?" भागवतनं घाबरून रस्त्याकडं बघितलं.

"पैसा न्हाई, काय न्हाई. निस्ता खेळ."

"मग खेळायचं कशाला?" असं म्हणत भागवतनं चपला काढल्या.

परवेझनं दुकानातून एक चौकोनी लोखंडी टेबल आणून ठेवला, मनकर्णानं त्यावर जुनी चादर दुमडून घातली आणि भाभींनी पेटी उलटी केली. सुपात चिंचोके घोळल्यासारखा आवाज झाला. खोबऱ्याच्या वड्यांएवढे पांढरे जाड तुकडे, पाठ हिरवी आणि तोंडावर रंगीत नक्षी.

"ह्याला टाईल म्हणतात," भाभी म्हणाल्या.

"वडी म्हणा की," मनकर्णा म्हणाली. तेव्हापासून त्या घरात वडीच झालं.

भाभींनी वड्या लावून दाखवल्या. काहींवर गोल चक्रं, एकापासून नवापर्यंत. काहींवर बांबूच्या कांड्या, त्याही तशाच. काहींवर चिनी अक्षरं, ती कुणालाच वाचता येईनात, भाभींनासुद्धा. त्या फक्त आकारावरून ओळखायच्या. मग चार दिशांचे चार वारे. मग तांबडा, हिरवा आणि ज्याच्यावर काहीच नाही असा कोरा. आणि फुलं. एका बांबूच्या जागी कांडी नव्हतीच, तिथं एक पिसारेवाला पक्षी होता. त्याला सगळ्यांनी मिळून मोर ठरवलं.

"तीन-तीनच्या चार जोड्या करायच्या आन् एक दोनची," भाभींनी सांगितलं. "एकसारख्या तीन, न्हाईतर ओळीनं तीन. पाळी आली की भिंतीतनं एक वडी घ्यायची आन् नको ती एक टाकायची. एकानं वडी टाकली, आन् आपल्याकडं तसल्याच दोन असल्या, तर मोठ्यानं 'पंग' म्हणायचं आन् उचलायची. ज्याचं सगळं आधी जुळंल, त्यानं 'माहजाँग' म्हणायचं. झालं."

झालं म्हणायला सोपं होतं. वड्यांच्या दोन मजली भिंती रचायच्या, तर भागवतची भिंत दर खेपेला ढासळायची. नवी वडी भिंतीच्या कुठल्या टोकाकडून घ्यायची हे मनकर्णाच्या ध्यानातच राहत नसे. मोर हाती आला की ती तो सोडत नसे, कामाचा असो नसो.

"अहो, टाका तो, त्याच्यामुळं तुमचं सगळं अडलंय," भाभी म्हणायच्या.

"असू द्या. बरा दिसतोय."

पुंजारामचा उजवा हात नुसता मांडीवर पडलेला असायचा. तो डाव्या हातानं खेळायचा. पहिले काही दिवस वड्या त्याच्या बोटांतून निसटायच्या, उभी केलेली रांग धक्क्यानं आडवी व्हायची आणि त्याचं गुपित सगळ्यांना दिसायचं. मग सगळे शहाण्यासारखे दुसरीकडं बघायचे. पण एक गोष्ट त्याला लवकर जमली. भिंतीतून वडी उचलताना तो अंगठा तिच्या तोंडावरून फिरवायचा आणि उलटून बघायच्या आधीच त्याला ती कळायची. उपरण्याखाली बोटं चाचपून भाव ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता.

"ह्यो बघ, रुमालाखाली सौदा करतोय," भागवत म्हणाला, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा पुंजारामला हसू फुटलं.

भागवतनं ते हसू बघितलं. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, तरी तो आला.

अडचण होती ती बोलण्याची. नियम असा होता की 'पंग' तोंडानं म्हणायचं, आणि पुढच्यानं वडी उचलायच्या आत म्हणायचं. पुंजारामला दिसायचं सगळं. भागवतनं हिरवा टाकला, आपल्याकडं दोन हिरवे आहेत, हा आपला. तो तोंड उघडायचा, 'बै... बै...' व्हायचं, तोवर मनकर्णा वडी उचलून मोकळी झालेली असायची. एका दुपारी हे इतक्या वेळा झालं की शेवटी भागवतनं हात वर केले.

"त्याला सूट द्या हो भाभी. त्यानं टेबलावर टकटक केलं तरी धरा."

"न्हाई," भाभी म्हणाल्या.

"अवो, माणूस आजारी हाय."

"सूट कुणालाच न्हाई. म्हणंल तो घेईल."

मनकर्णाचा चेहरा उतरला. "एवढं काय धरून बसायचं, भाभी? खेळच हाय ना?"

पुंजारामच्या डोक्यात सणक गेली. तिघंही त्याच्याबद्दल बोलत होते, आणि तो समोर बसलेला होता. त्यानं डावा हात टेबलावरून फिरवला. वड्या घरभर उडाल्या. काठी घेऊन तो आत गेला आणि खाटेवर पडला. बाहेर भाभी गुडघ्यांवर बसून वड्या गोळा करत होत्या, तो आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला. मग त्या पेटी घेऊन घरी गेल्या.

सकाळी मनकर्णा केर काढत असताना कणगीच्या मागं एक वडी सापडली. तिनं ती पुसून पुंजारामच्या हातात दिली. मोर होता. पुंजारामनं वडी मुठीत धरली, पायांत चपला सरकवल्या आणि काठी टेकत एकटाच बाहेर पडला. शेजारचं दार अंगणापलीकडंच होतं, पण कित्येक दिवसांत त्यानं तेवढंही ओलांडलेलं नव्हतं.

फरीदाभाभी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी ताट खाली ठेवलं. पुंजारामनं मूठ पुढं केली आणि उघडली.

"काय आणलंत?" भाभींनी विचारलं.

त्यांना दिसत होतं काय आणलंय ते. पुंजारामलाही कळलं की त्या मुद्दाम विचारतायत. त्यानं दम घेतला, जीभ सावरली आणि म्हणाला, "बैल."

क्षणभर दोघंही त्या पिसारेवाल्या बैलाकडं बघत राहिले. मग भाभींना हसू आवरेना. त्यांचं बघून पुंजारामही असा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं.

"बसा," डोळे पुसत भाभी म्हणाल्या. "राग आला काल. यायलाच पायजे. पर माझं ऐका. मॅडमनी मला पहिल्यांदा बसवलं, तवा सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या बाया. मी म्हणलं, मला न्हाई म्हणता येत हे, मी निस्तं बोट दाखवते. तर त्या म्हणल्या, फरीदा, बसलीस तर बरोबरीनं बस. मला लई वाईट वाटलं त्या दिवशी. मागनं कळलं, तेवढं दुसऱ्या कुणी मला कदी दिलं नव्हतं." त्यांनी वडी ओच्यात टाकली. "सूट दिली असती ना पुंजाभाऊ, तर तुमी निस्ते बघायला बसल्यासारखे झाला असता."

पुंजारामला खूप बोलायचं होतं. तो नुसता मान हलवत राहिला.

त्या दुपारी टेबल पुन्हा मांडला गेला. त्यानंतर किती दिवस गेले ते कुणी मोजले नाहीत. एकदा असंच भागवतनं गप्पांच्या नादात दक्षिणेचा वारा टाकला. मनकर्णाचा हात भिंतीकडं निघाला.

"पंग!"

बाजारातल्या आवाजात आला शब्द. कोंबड्या फडफडून अंगणात पळाल्या. करण पिकअपखालून ग्रीस लागलेल्या हातांनी धावत आला. टेबलाशी सगळे जागच्या जागी थिजले होते, आणि पुंजाराम स्वतःच्याच तोंडाला हात लावून बसला होता.

"परत म्हणा," मनकर्णा हळूच म्हणाली.

"पंग," तो म्हणाला. "पंग. पंग."

पुढं त्याला वाटायचं की जुने शब्द जिथं ठेवले होते तिथंच काहीतरी कोसळलं होतं, आणि हा शब्द नवा होता. त्याची वाट नव्यानं पडली होती, म्हणून तो अडला नाही. डॉक्टर काय म्हणाले असते कोण जाणे. पण त्या संध्याकाळी मनकर्णानं विचारलं, "चहा घेता का?" आणि तो म्हणाला, "पंग." तिनं कप समोर ठेवला. मग बरेच दिवस त्या घरात 'पंग' म्हणजे 'व्हय' असंच चाललं. जेवायला वाढू? पंग. दार लावू? पंग. करणला कुणी फोनवर विचारलं, बाबा बरे हायत का, तर तोही हसून म्हणायचा, पंग.

मग वड्यांची नावं आली. कोरा आला, तांबडा आला. मोर लई दिवस बैलच राहिला, मग एकदाचा मोर झाला. आकडे आले, एकापासून मोजत गेलं की हवा तो सापडायचा. भागवतचं नाव आलं. भागवत बाजारातला एवढा बोलका गडी, पण पुंजाराम शब्द शोधायला लागला की हा ओठ घट्ट मिटून बसायचा. मधे शब्द पुरवायचा नाही, दुसरीकडं बघायचा नाही, घाई करायचा नाही. तेवढ्या थांबण्यात त्या खिल्लार जोडीचं भांडण कुठं विरून गेलं ते दोघांनाही कळलं नाही. आणि एक दिवस पाळी येऊनही मनकर्णा मोर हातात धरून विचार करत बसली होती, तेव्हा पुंजाराम म्हणाला, "मनकर्णा, टाक की."

ती एकदम थांबली. लग्न झाल्यापासून त्यानं तिला 'अगं ए' शिवाय हाक मारली नव्हती. नाव घ्यायची गरजच पडली नव्हती. तिनं मान खाली घातली आणि मोर टाकला.

सगळं परत आलं असं नाही. दलाली सुटली ती सुटलीच. घाईनं बोलायला गेला की अजूनही वाक्य मधेच सांडतं. पण शुक्रवारी तो भागवतबरोबर बाजारात जाऊन चहाच्या टपरीवर बसायला लागला. नगरच्या त्या चित्रांच्या कार्डवाल्या बाईंकडंही आपण होऊन गेला.

यंदा फरीदाभाभींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी त्या नगरला मुलीकडं, अलफियाकडं राहायला गेल्या. इकडं दुपार झाली की तिघं रिकाम्या टेबलाभोवती उगीच घोटाळायचे. शेवटी पुंजाराम म्हणाला, "जाऊ." करणनं पिकअप काढली. पुढं मनकर्णा आणि पुंजाराम, मागं हौद्यात भागवत, त्याच्या मांडीवर परवेझकडून आणलेली पेटी. पांढरीपूल मागं पडला, इमामपूरचा घाट लागला. पुंजाराम खिडकीकडं तोंड करून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळत होता. त्याला भाभींना एक वाक्य सांगायचं होतं. 'भाभी, तुमी मला माणसात आणलं.' जेऊर येईपर्यंत ते पाठ झालं, आणि शेंडीपर्यंत पुन्हा विस्कटलं.

अलफियाच्या घरी भाभी काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या. पेटीचा आवाज ऐकल्याबरोबर त्या सरळ झाल्या.

"आणली? पर मला दिसणार न्हाई रे बाबांनो. सगळं धूसर हाय. माझ्या माझ्या वड्या हातानं कळतील, पर तुमी काय टाकता ते?"

"मी... सांगतो," पुंजाराम म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. पलंगावरच डाव मांडला, आणि पडणारी प्रत्येक वडी पुंजारामनं मोठ्यानं पुकारली. "भागवत... चार... चार चक्र." "मनकर्णा, पश्चिम वारा." कधी शब्द अडायचा, मग सगळे थांबायचे, अलफिया चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहायची. भाभी मान थोडी तिरपी करून त्याच्या आवाजाकडं कान लावून बसल्या होत्या. एकदा भागवतनं जोरात "माहजाँग!" म्हणून वड्या आडव्या केल्या. भाभींनी त्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "दोनाची जोडी कुठं हाय? ह्यो एक मोर, हे एक फूल." भागवत इतका खजील झाला की मनकर्णाच्या हसण्यानं पलंग हलला.

त्या हसण्यातच पुंजारामला वाक्य सापडलं.

"भाभी," तो म्हणाला. "तुमी मला... माणसात..."

पुढचा शब्द येईना. हसणं थांबलं. कुणी मदत केली नाही. भागवत ओठ मिटून बसला.

"...बसवलं," पुंजाराम म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं 'आणलं'. त्यानं क्षणभर विचार केला आणि हेच बरोबर आहे असं त्याला वाटलं. त्यानं ते बदललं नाही.

भाभींचा हात चष्म्याखाली गेला.

"अम्मी, डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी!" अलफिया ओरडली.

भाभींनी हात खाली घेतला, नाक ओढलं आणि समोरच्या वड्यांची रांग बोटांनी नीट केली.

"पुंजाभाऊ," त्या म्हणाल्या, "आता पाळी कुणाची, तेवढं सांगा."